बांधापलीकडचं विष

डॉक्टरांनी सिरिंज उजेडात धरली. आतलं रक्त लाल नव्हतं, कॉफीसारखं तपकिरी होतं. आपल्या दोन महिन्यांच्या मुलीच्या अंगातून निघालेलं ते रक्त बघून बाप भिंतीला टेकला. तिचे ओठ सकाळपासून निळे दिसत होते. गारठली असेल, असं समजून आईबापांनी तिला आणखी एका चादरीत गुंडाळलं होतं.

बाळाला वरचं दूध देता का, असं डॉक्टरांनी विचारलं. आईने होकारार्थी मान हलवली. तिला अंगावरचं दूध आलंच नव्हतं, आणि हे सांगताना तिचा आवाज अजूनही खाली जायचा. दुधाची पावडर ती शेतातल्या विहिरीच्या पाण्यात कालवायची, तेही पाणी चांगलं खळखळून उकळून. डॉक्टर म्हणाले, पाण्यात नायट्रेट असणार. ते खतातून झिरपतं. मोठ्यांना सहसा काही जाणवत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला मग प्राणवायू वाहून नेता येत नाही. उकळून ते जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट वाढतं.

बापाच्या कानात एकच शब्द राहिला. खत.

त्याच्या शेताला लागून थोरल्या भावाचं शेत होतं, मधे फक्त बांध. थोरला या टोकापासून त्या टोकापर्यंत मका करायचा. पोत्यांतलं खत, फवारणी, मोठं यंत्र. पीक धाकट्याच्या दुप्पट यायचं, पण माती विटेसारखी घट्ट झाली होती, आणि डिझेल महागलं की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. धाकट्याने औषधाचा थेंब कधी वापरला नाही. कडधान्यं, भाज्या, फळझाडं, सगळं एकमेकांच्या आधाराने. पीक कमी, राबणारे हात जास्त, पण शहरातली गिऱ्हाइकं चढा भाव द्यायला दारात यायची. मातीत बोट घातलं की गांडूळ लागायचं. पिकाला जोर यावा म्हणून तो कोंबड्यांच्या शेडमधलं ताजं खत ट्रॉल्या भरभरून आणायचा. एकमेकांच्या शेतीला टोमणा मारल्याशिवाय दोघा भावांना जेवण पचत नसे.

दवाखान्यातून तो तडक थोरल्याकडे गेला. थोरला यंत्राला ग्रीस लावत होता.

"तुझं खत माझ्या मुलीच्या पोटात गेलं, दादा."

थोरल्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. बाळ कसं आहे, एवढं त्याने विचारलं. ते पाणी बंद केलंत ना, हेही विचारलं. मग काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

धाकट्याला कबुली मिळाली. त्याने ती बाजारभर सांगितली. लोक थोरल्याला बघून रस्ता बदलू लागले. मक्याच्या व्यापाऱ्याने यंदा माल दुसरीकडे विका म्हणून निरोप धाडला. कुणीतरी त्याच्या गोदामाच्या दारावर लाल रंगाने 'विषारी' असं लिहून ठेवलं. थोरल्याची बायको रडली, भांडली, पण नवऱ्याच्या तोंडून शब्द निघेना. इकडे औषधाने बाळाचे ओठ पुन्हा गुलाबी झाले. ते घरी आलं. आता त्याच्यासाठी शहरातून पाण्याचे कॅन येऊ लागले.

कृषी महाविद्यालयातल्या एक संशोधक बाई गेले काही हंगाम दोन्ही शेतांतली माती तपासत होत्या. शेतीची कुठली पद्धत कशात सरस ठरते, हे त्यांना पाहायचं होतं. थोरल्याविरुद्ध लेखी पुरावा द्या, म्हणून धाकट्याने त्यांना अंगणात बोलावून घेतलं.

त्या म्हणाल्या, तुमच्या भावाच्या मातीत जीव उरलेला नाही, हे खरं. तुमची माती कितीतरी निरोगी आहे. पण पिकाला पेलेल त्याच्या कितीतरी पट खत तुम्ही ओतलंय, आणि उरलेलं सगळं विहिरीत उतरलंय.

माझं खत नैसर्गिक आहे, असं तो अडखळत म्हणाला. नायट्रेट पोत्यातून आलं काय आणि कोंबडीच्या शेडमधून आलं काय, बाळाच्या रक्ताला दोन्ही सारखंच, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग विचारलं, "पाऊस पडला की पाणी कुणाच्या शेतातून कुणाच्या शेतात जातं?"

त्याने बांधाकडे पाहिलं. लहानपणी पावसाच्या पाण्यात दोघे भाऊ तिथेच कागदी होड्या सोडायचे. बांधाच्या अलीकडून तो सोडायचा, खाली पलीकडे दादा धरायचा. दादाच्या शेतातलं पाणी वर चढून त्याच्या विहिरीत येणं शक्यच नव्हतं. हे त्याला जन्मापासून माहीत होतं. दादालाही.

तो बांध ओलांडून धावत गेला. थोरला गोदामाच्या दारावरची लाल अक्षरं खरवडत होता.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस, दादा?"

थोरल्याचा हात थांबला नाही.

"तुला त्या दिवशी कुणाला तरी दोषी धरायचंच होतं," तो म्हणाला. "मी हात झटकले असते, तर तू घरी जाऊन पाणी उकळणारीला धरलं असतंस."