चारलेलं

टीव्हीवर जे गुलाबी भुयार दिसत होतं ते मनोजचं होतं. तो डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. ढुंगणातून आत गेलेली काळी नळी मागे, आणि समोर टीव्ही. झोपेच्या इंजेक्शनानं अंग खाटेपासून वीतभर वर तरंगत होतं. दुखत नव्हतं. शेजारच्या खोलीत दुसऱ्याच कुणाला तरी दुखत असावं.

भुयार ओलं होतं, चकाकत होतं. आत कुठून तरी पाणी उडायचं, भिंती हळूच मिटायच्या, हळूच उघडायच्या. दवाखान्याच्या पलीकडे कापडाचे लूम चालू होते, खटक-खटक, खटक-खटक. मनोजला वाटलं, आपलं भुयार त्याच ठेक्यावर श्वास घेतंय.

"ते पांढरं काय हाय?" उशाशी उभ्या आईनं विचारलं.

आईला, राहीबाईला, आत घेत नव्हते. "अम्मा, बाहर बैठो," वॉर्डबॉय म्हणाला. अम्मा बसली नाही. माझ्या पोराच्या पोटात काय घातलंय ते मी माझ्या डोळ्यांनी बघणार, म्हणून दारातच आडवी झाली. शेवटी डॉक्टर कंटाळला. राहू दे, म्हणाला, पण गप उभं राहायचं.

"जखमा आहेत, मावशी. त्यावर पू."

"आतल्या आत जखम कशी व्हईल? पडलाय का तो आतमधी?"

डॉक्टरनं नळी आणखी पुढं सरकवली.

वर्षभर मनोजला संडासवाटे रक्त जात होतं. टीबी समजून दिलेल्या गोळ्या संपल्या, रक्त संपलं नाही. मग गावच्या भगतानं निकाल दिला: बायकोनं मंतरलेलं काही चारलंय, नवरा मुठीत राहावा म्हणून, आणि ते पोटात बसलंय. राहीबाईनं त्याच दिवशी सुनेला, कमळला, खारबावला बापाच्या घरी हाकललं. मनोज तेव्हा संडासात होता. बाहेर आल्यावरही काही बोलला नव्हता.

नळीच्या तोंडातून बारीक चिमटा निघाला. खेकड्यानं नांगी उघडावी तसा उघडला, पांढऱ्या जागेवर मिटला, मागे सरला. त्याच्यामागे लाल धागा पाण्यात उलगडत गेला. मनोजला तो फार सुंदर वाटला. त्याच धाग्याला धरून कुठंतरी निघून जावं असं वाटलं.

सिस्टरनं चिमट्यातला कण बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधात झटकला. मग आणखी दोन-तीन. तांदळाच्या कणीएवढे.

"निघालं!" राहीबाई ओरडली. "बाई गं, निघालं एकदाचं!"

"तपासायला काढलंय, मावशी," डॉक्टर म्हणाला. पण तिनं बाटली हातात घेतली होती आणि तिचे डोळे वाहत होते.

मनोजला बाहेर आणून पडद्याआड ठेवलं. तेवढ्यात वीज गेली. लूम एकदम थांबले. भिवंडीत शांतता आली तर अशीच येते, लोडशेडिंगनं. त्या शांततेत पडद्यापलीकडचे आवाज त्याच्यापर्यंत तळ्याच्या तळाशी यावेत तसे येत होते.

"टीबी वाटत नाही," डॉक्टर सांगत होता. "आतड्याला आतून सूज आहे. बाटली खाली लॅबमध्ये द्या, म्हणजे नक्की कळेल. गोळ्या आजपासून. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. सोडल्या की परत उसळणार, आणि रक्त जाऊन जाऊन माणूस संपतो."

डॉक्टर बूट वाजवत गेला. ऐकणाऱ्यांना कळलं का, हे बघणं त्याच्या फीमध्ये बसत नव्हतं.

"आता कसल्या गोळ्या?" राहीबाई म्हणाली. "मूळ माझ्या हातात हाय. खाडीत टाकते आन मोकळी होते."

"आई, ते यांच्या आतड्याचं मांस हाय. मी न्हाय काय चारलं."

कमळ. ती आलीय हे मनोजला माहीत नव्हतं. खारबावहून एकटीच आली असणार.

"तू तोंड उघडू नकोस. तुझंच पाप हाय हे बाटलीत."

"टाकू नका, आई. तपासलं न्हाय तर औषध कसं कळंल? गोळ्या न्हाय घेतल्या तर मरतील ते."

"मरंल तर तुझ्यापायी! सोड बाटली!"

बांगड्या वाजल्या; बाटली राहीबाईनं हिसकावली असावी. मनोज तरंगत राहिला. काही मोठं त्याच्या अंगावरून सावलीसारखं सरकत गेलं.

"बरं," कमळ म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मीच चारलं."

राहीबाईची चप्पल एक पाऊल मागं सरकली.

"भाकरीतनं चारलं. पण लय चारलंय, आई. एवढ्याशा बाटलीत मावंल व्हय ते? बाकीचं आतड्याला चिकटून बसलंय. गोळीनंच सुटंल, रोजच्या रोज. एक दिवस चुकला तर दुप्पट वाढंल. आन गोळी माझ्याच हातची लागंल. ज्या हातानं घातलंय त्याच हाताची."

"चेटकीण! रांडे, खाल्लंस माझ्या पोराला! साऱ्या गावाला सांगंन मी!"

"सांगा. आन ती बाटली इकडं द्या. माझं हाय ते, मलाच नेऊ द्या."

इंजेक्शन उतरत आलं होतं. मनोजची जीभ जड होती, पण एवढी जड नव्हती. 'तिनं काही चारलं नाही' एवढं सहज म्हणता आलं असतं. त्यानं डोळे मिटून घेतले. आत तेच गुलाबी भुयार होतं, ओलं, उबदार, आणि तिथं कुणीच त्याला काही विचारत नव्हतं.

राहीबाईनं बाटली सोडली असावी; जिन्यावरून कमळची पावलं लॅबकडे उतरत गेली. मध्येच थांबली.

"आई," खालून तिनं हाक दिली, "गोळी जेवणाआधी का नंतर, तेवढं डाक्टरला विचारून ठेवा."