तिसरा कॉम्प्युटर

मेधाच्या लग्नाची पत्रिका बाबांच्या विंडोजवर होती आणि छापायची होती तरुणच्या लिनक्सवरून. धारचा प्रेसवाला प्रिंट न्यायला दारात उभा होता, आणि दोन्ही कॉम्प्युटर व्याह्यांसारखे रुसलेले.

नेटवर्कमध्ये मात्र तिसरा दिसत होता: ‘कृष्णराव’.

कृष्णराव आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. माउसला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

तरुणने तो उघडला. ‘परवानगी नाही.’

“भिया, आधी नमस्कार तो कर,” मेधा भावाला म्हणाली.

त्याने स्क्रीनला वाकून नमस्कार केला. पत्रिका लगेच आली. फक्त आजोबांच्या नावाआधीचं ‘कै.’ आता तरुणच्या नावाआधी होतं. त्याने खोडलं. ते परत आलं.

“असू दे,” आई म्हणाली. “मोठ्यांनी काही विचार करूनच केलं असेल.”