नवाकोरा
समुद्रात किती खोल गेलो नि वर कधी यायचं हे सांगणारा डाइव्ह कॉम्प्युटर ऑस्टिननं महिनाभर काथ्याकूट करून घेतला. ठळक आकडे, तगडी बॅटरी, दगा न देणारा. तो स्वतःला ठेवला. झाकण सैल झालेला जुना घासूनपुसून, डब्यात घालून उद्या पहिली बुडी मारणाऱ्या धाकट्या भावाला, नेव्हिलला, नवाकोरा म्हणून दिला. पाचूबंदरच्या घरात नवं जाळंही चर्चमधल्या पवित्र पाण्यात भिजवल्याशिवाय दर्यात जात नसे. आयनं त्याच पाण्यात दोन्ही कॉम्प्युटर बुडवले. वर काढले तर नेव्हिलच्या काचेआड पाणी, आकडे विझलेले. “माझ्याच हातून बिघडलं रं, ऑस्टिन,” आय रडकुंडीला आली, “तू एवढं पारखून आनलेलं!” त्याला मान वर करवेना. त्यानं स्वतःचा नेव्हिलच्या मनगटावर बांधला. “बघ नेव्हिल,” आयनं डोळे पुसले, “असा भाऊ नशिबानं मिळतो.”