न दिलेले बत्तासे

"वरच्या चारही दातांना कीड आहे," पायलचा ओठ बोटानं वर करून दातांच्या डॉक्टर म्हणाल्या. "अडीच वर्षांची तर आहे ही. झोपताना तोंडात दुधाची बाटली असते का?"

समता रोहिणखेडच्या अंगणवाडीत सेविका होती. हाच प्रश्न ती दर महिन्याला गावातल्या बायांना विचारायची. उत्तर 'हो' आलं की चारचौघींत रागवायची. मागच्याच आठवड्यात तिनं अश्विनीच्या बाळाच्या तोंडातली बाटली काढून घेतली होती.

"नाही," ती म्हणाली. "मी कामावर असते. पोर आजीजवळ राहते. आजी बत्तासे चारते."

समताची आई केसरबाई बाजूच्याच स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी लेकीकडे एकदा पाहिलं.

"आजी, लाड दुसरे काही करा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि रोज झोपायच्या आधी दात पुसायचे. त्यानंतर फक्त पाणी."

"हाव म्याडम," केसरबाई म्हणाल्या. "आता नाही देत."

बुलढाण्याहून परतताना एसटी राजूर घाट उतरू लागली तशी पायल किरकिरायला लागली. तिला बाटली हवी होती. बाटली समताच्या पिशवीतच होती, दोन चमचे साखर घातलेल्या दुधानं भरलेली. समताचा हात पिशवीकडे गेला आणि तिथंच थांबला. केसरबाईंनी नातीला मांडीवर ओढलं, घोटभर पाणी पाजलं, पदराचं टोक ओलं करून तिचे दात हळूच पुसले.

"मनाले लावून घेऊ नको," त्या म्हणाल्या. "माह्यं काय जाते? म्हातारीनं नात लाडावली, एवढंच म्हणतीन लोकं. तुले बायांसमोर उभं राहा लागते."

 समतानं हातातल्या तिकिटांची घडी घालून ती पिशवीत ठेवली आणि ती घाट संपेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडता झाडता केसरबाई खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

पाचव्या दिवशी केसरबाईंचा जलदान विधी झाला. बुद्धवंदना आटोपली. मांडवात पांढऱ्या लुगड्यातल्या बाया बसल्या होत्या. अर्ध्याअधिक समताच्या अंगणवाडीतल्या पोरांच्या आया. चार रात्रींच्या जागरणानं समताच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं. एकेक जण उठून केसरबाईंविषयी दोन शब्द बोलत होता.

शेजारची अंबूबाई उभी राहिली. "केसर मोठी मायाळू. पण नातीपुढं तिले काही सुचत नव्हतं, बाप्पा. त्या दिवशी बुलढाण्याहून आल्यावर मले सोताच सांगे, 'अंबू, माह्याच बत्ताशानं पोरीचे दात गेले.' म्या म्हटलं, मंग दे आता तुही कवळी तिले."

मांडवात हलकं हसू पसरलं. एका बाईच्या मांडीवरून पायलही हसली, काळ्या दातांनी.

"समता, तू बोलतं का काही?" विधी चालवणाऱ्या वडीलधाऱ्या उकंडरावांनी विचारलं. "नसन बोलवत तं राहू दे, पोरी."

समता उठली. मांडवाच्या खांबाला तिनं हात लावला. समोरच अश्विनी बाळाला घेऊन बसली होती. सेविकाबाई आपल्याकडे पाहतात हे दिसताच तिनं घाईघाईनं बाळाच्या तोंडातली बाटली काढून पदराखाली लपवली.

"राहू दे पोरी, बस," उकंडराव पुन्हा म्हणाले.

"नाही काका. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा राहू दिलं. गाडीत माय बाजूला बसली होती, तेव्हाही राहू दिलं." तिचा आवाज बसला होता, पण शेवटच्या ओळीपर्यंत पोचत होता. "आमच्या घरात बत्तासे कधी आलेच नाहीत. मी कामावरून थकून यायची. साखरेचं दूध बाटलीत भरून पायलच्या तोंडात द्यायची, म्हणजे ती झोपायची. माय म्हणायची, नको देऊ. मी ऐकलं नाही. पायलचे दात मायनं नाही खराब केले. मी केले."