निळी टाचणी

युद्धविरामानंतरच्या चौथ्या महिन्यात, सोमवारी सकाळी दहा वाजता, न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील सभागृहात चौकशी समितीने सेनापतींना बसायला सांगितले. आजवर ते बसल्याखेरीज कोणी बसत नसे. आज सारे आधीच बसलेले होते.

सेनापतींची कीर्ती एका नकाशावर उभी होती. मुख्यालयाच्या भिंतीवरील त्या नकाशात प्रत्येक तुकडीची एक निळी टाचणी होती. टाचणी पुढे सरकवण्याची मुभा कोणालाही होती. मागे घ्यायला मात्र सेनापतींची परवानगी लागे. वृत्तपत्रांत त्या नकाशासह त्यांची छायाचित्रे झळकली. दोन वर्षांत तीन बढत्या मिळाल्या. आमच्या साहेबांच्या नकाशावर मेलेला माणूससुद्धा मागे हटत नाही, असे जवान हसत म्हणत. आणि ते कानावर आले की सेनापतीही हसत.

मग उत्तरेची टेकडी पडली. गुरुवारी सकाळी तार आली. नकाशा सांभाळणारा कॅप्टन म्हणजे सेनापतींचा जावई. त्याने टाचणी काढू का, असे विचारले. सेनापतींनी तार वाचली, तिची घडी घातली आणि टेकडी दोन दिवसांत परत घेऊ, तोवर राहू दे, असे बजावले. पाळी बदलणाऱ्या तुकड्यांची यादी त्याच नकाशावरून तयार होई, हे त्या घटकेला त्यांना आठवले नाही असे म्हणता येणार नाही. आठवले होते. शनिवारी एकशे चाळीस जण आपल्याच माणसांची जागा घ्यायला, बंदुका पाठीला लावून, ट्रकमधून टेकडीवर गेले. अकरा परतले.

आत जाण्यापूर्वी जावयाने त्यांना व्हरांड्यात गाठले होते. गणवेशात असताना तो त्यांना नेहमी 'सर' म्हणे.

"बाबा, तार तुम्हाला दाखवायची राहून गेली, असं मी सांगतो. माझं काय, कॅप्टनचा कारकून झालो तरी तुमची लेक मला घराबाहेर काढणार नाही. तुम्ही फक्त 'नाही' म्हणा."

त्याला दटावणे सेनापतींच्या अगदी ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. आणि गिळणे किती सोपे गेले, याचीच त्यांना लाज वाटली.

जावयाने उभ्यानेच साक्ष दिली. आवाज कापला नाही. त्या दिवशी आपल्याला ताप होता, अशी भरही त्याने पदरची घातली. समितीचे अध्यक्ष वृद्ध होते. सैनिकी विद्यालयात सेनापतींना नकाशावाचन त्यांनीच शिकवले होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सेनापतींना विचारले,

"टेकडी पडल्याचं तुम्हाला ठाऊक होतं?"

सासऱ्याला अवघड जाऊ नये म्हणून जावई खिडकीबाहेर पाहत राहिला.

"नाही," सेनापती म्हणाले.

समिती आत गेली आणि पाऊण तासाने बाहेर आली. कॅप्टनला बडतर्फ करण्यात येत असल्याचे अध्यक्षांनी कागदावरून वाचले. मग कागद बाजूला सारून ते सेनापतींकडे वळले.

"तुम्ही निर्दोष आहात. आणि आपली माणसं कुठे आहेत हे ज्याला तीन दिवस ठाऊक नसतं, त्याच्या हाताखाली यापुढे एकही माणूस देता येणार नाही."