मोजणीचा बुधवार

"एकशे बारा!" मंत्रालयातून आलेल्या अधिकारीबाईंनी हातातलं मोजायचं यंत्र शेवटचं टिचकवलं आणि आकडा कागदावर उतरवला. स्टेशनमास्तरांचा जीव भांड्यात पडला.

सरकारनं स्वच्छ कळवलं होतं. ही फाट्यावरची गाडी तोट्यात चालते. बुधवारी मोजणी होईल. प्रवासी साठाच्या आत भरले तर अनुदान बंद, गाडी बंद आणि रूळ भंगारात.

"सात जणांसाठी अख्ख्या देशानं गाडी का ओढायची, मास्तर?" सकाळी आल्या आल्याच बाईंनी विचारलं होतं.  त्याआधी आठवडाभर मास्तर, बुधवारी गाडीत बसा म्हणून, घरोघर जाऊन हात जोडून आले होते. आणि गावानं शब्द राखला. सलूनवाला दुकानाला कुलूप लावून आला. मास्तरांशी चार वर्षं अबोला धरलेल्या त्यांच्या सासूबाईसुद्धा आल्या आणि खिडकी पकडून बसल्या. डबा एकच, त्यात मुंगी शिरायला जागा नाही!

नऊ वाजून दहा मिनिटं झाली. मास्तरांनी ऐटीत हिरवी झेंडी दाखवली. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. सरकारी गाडी कशी धावते ते बघा म्हणावं!

गाडी सिग्नलपलीकडे गेली आणि फाटकातून शिवणताई आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. गावाचे कपडे शिवणारी ही बाई दर बुधवारी आणि शनिवारी शहरातल्या दवाखान्यात डायलिसिसला जायची. तिच्या पायांना दोन मिनिटं जास्त लागतात, म्हणून गाडी तिच्यासाठी दोन मिनिटं थांबायची. हे वेळापत्रकात कुठंच लिहिलेलं नव्हतं. आणि आज, नेमकं आजच, मास्तरांनी वेळापत्रक पाळलं होतं.

"गेली का हो?" ताईंनी एवढंच विचारलं. पुढची गाडी थेट उद्या होती.

 गाडी माघारी बोलावली तर अधिकारीबाईंच्या डोळ्यांदेखत उशीर होणार, आणि ताईंना जागा द्यायला माणसं उतरली की सगळं बिंग फुटणार ते वेगळंच. मास्तरांनी बाईंच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग ताईंच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. गेलं खड्ड्यात, असं पुटपुटत त्यांनी फोन उचलला.

"गार्डसाहेब, गाडी मागे घ्या. ताई राहिल्यात."

गाडी हळूहळू मागे आली. ताईंना जागा करून द्यायला आधी सलूनवाला उतरला. त्याच्यामागून भराभर जमवलेले सगळेच उतरले. त्यांच्यापैकी कुणालाच कुठं जायचं नव्हतं. सासूबाईंनी आपल्या खिडकीत ताईंना बसवलं, पिशवी मांडीवर दिली आणि त्याही खाली आल्या. डब्यात उरली सात माणसं. नेहमीचीच.

"मला मघाशीच कळलं होतं," अधिकारीबाई म्हणाल्या. "एकशे बारा माणसं, आणि पिशव्या फक्त सहा जणांकडे."

मास्तरांनी मान खाली घातली. "चुकलं, बाई. सातच लिहा."

बाईंनी एकशे बाराचा आकडा खोडला आणि शेजारी सात लिहिलं. मास्तरांना रडू आवरेना. वीस वर्षं जपलेली गाडी त्यांनी स्वतःच्या हातानं घालवली होती. त्यांनी पुन्हा झेंडी दाखवली. गाडी निघाली. फलाटावरून एकही माणूस घरी गेला नव्हता. सगळं गाव ताईंना हात हलवत उभं होतं.

बाईंनी त्या गर्दीकडे पाहिलं. मग त्यांनी आणखी काहीतरी लिहिलं आणि कागद सहीसाठी मास्तरांपुढे केला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: "प्रवासी सात. बाकीचे एकशे सहा त्यांना सोडायला आले होते. अनुदान चालू ठेवावे."