भिकाजीचा बर्फ

सानिका सिस्टरने बाटली उजेडात धरली आणि उलटी केली. आतलं औषध हललं नाही.

"मावशी, हे गोठलंय," ती हळूच म्हणाली. "थंड ठेवायचं असतं, पण गोठू द्यायचं नसतं. आता वितळलं तरी टोचता येणार नाही. अपाय व्हायचा."

मालन खाटेवर बसून ऐकत होती. रक्ताचा हा कर्करोग लाखात एखाद्याला होतो, आणि अख्ख्या नाटे गावात तो नेमका तिलाच झाला होता. बाकीची औषधं करून झाली होती. उरलं होतं ते हे एकच अँटिबॉडीचं इंजेक्शन, रक्तातली रोगट पेशी हुडकून तिलाच धरणारं. मुंबईच्या इस्पितळाने सहा महिन्यांनी एक बाटली मिळवून दिली होती. दुसरी मिळेल असं कोणी म्हटलं नव्हतं.

आणायला नवरा गेला होता. भिकाजीने चाळीस वर्षं मासळी बर्फात भरली. त्याची सुरमई मुंबईला पोचायची तेव्हाही ताठ असायची. इस्पितळाने डब्यात घातलेल्या जेलच्या पिशव्या बघून त्याला हसूच आलं. त्या त्याने काढून टाकल्या, बर्फाचा चुरा ठासून भरला आणि मासळीला पेरायचा तसं वर खडेमीठ पेरलं; मिठाने बर्फ आणखी गार होतो. रत्नागिरीच्या या दवाखान्यात पोचेपर्यंत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. आता तो बाहेर बाकावर बसला होता.

"तेंका सांगू नका," मालन म्हणाली. "मी काय, आज ना उद्या जायचीच. पण माझ्या हातून गेली, असा तेंच्या मनात रव्हाक नको."

सिस्टरला ते पटलं नाही. तरी तिने औषध न घालता नुसतं सलाईन लावलं आणि भिकाजीला आत बोलावलं.

तो स्टुलावर बसून पडणारे थेंब बघत राहिला. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा सैल झाला होता. मालनला ते बघून बरं वाटलं, अगदी खरंच बरं वाटलं.

"तेंच्या त्या पिशव्यांनी काय होणार होता?" तो म्हणाला. "थय मुंबईक एक बाई होती, दापोलीकडच्या मुरुडची. पद्मजाबाई, मास्तरीण. तिच्या पोरीक पण ह्याच औषध. तिचो डबो पण मीच भरून दिलंय, मीठ घालून. उद्या सकाळी टोचतले पोरीक."

मालनने डोळे मिटले. मग सिस्टरकडे बघितलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "सांगा तेंका."